कौलं आधी, भिंती नंतर

(दृश्य : गवतात बुडालेले रूळ, मागे स्टेशन)

यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर. सुमारे १९० किलोमीटरचा, अडीच फुटी रुळांचा मार्ग. वऱ्हाडात याला शकुंतलाच म्हणतात. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाइनवर चढवायचा आणि पुढे मुंबईला न्यायचा, हे या मार्गाचं काम. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन इथे १९९४ पर्यंत चाललं. मग डिझेल आलं. आता गाडी बंद आहे आणि अशा लहान स्टेशनांवर ‘जीर्ण, पाडण्यायोग्य’ असा शेरा पडतो.

नीट बघा. जोत्याचा काळा दगड जागचा हललेला नाही. ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, लावून पाहिला तर भिंत सरळ आहे. ही इमारत खचलेली नाही, गळलेली आहे.

(दृश्य : छपराची आतली बाजू)

वानरांच्या उड्यांनी मंगळुरी कौल फुटतं. पाणी रिपेवर, म्हणजे कौलं टेकतात त्या लाकडी पट्टीवर, मुरतं, रीप कुजते, शेजारची कौलं घसरतात आणि पाणी थेट भिंतीच्या माथ्यात उतरतं. म्हणून पहिलं काम छपराचं. उतरवलेल्या प्रत्येक कौलाला टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द आवाज आला तर आत तडा आहे. सागाचा वासा बहुधा भिंतीत गेलेल्या टोकालाच सडतो. तेवढंच टोक कापून सागाचा जोड द्यावा, अख्खा वासा बदलू नये.

(दृश्य : भिंतीचे पोपडे, जवळून)

हा लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणाऱ्या क्षारांचा थर. जुनी वीट चुन्यात बांधलेली, वरून नंतर सिमेंटचा गिलावा. ओल बाहेर पडायला वाट नाही, क्षार विटेतच साठतात आणि विटेचं तोंड भुकटी होऊन गळतं. सिमेंट छिन्नीने, हाताने काढायचं. ब्रेकर मशीन लावलं की वीटही निघते. कळीचा चुना, म्हणजे भाजलेला कोरडा चुना, पाण्यात विरवून किमान दोन-तीन आठवडे मुरवायचा. घाई केली तर कच्चे कण भिंतीवर फुलतात आणि फोड येतात. एक घमेलं चुन्याला वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) मिळून तीन घमेली. थर १२ मिलिमीटरच्या आत. वैशाखात हे काम हाती घेऊच नये, विदर्भाच्या उन्हात गिलावा धरण्याआधीच सुकतो. दिवाळीनंतर करा, वर ओलं तरट ठेवा.

भिंतीत उगवलेला पिंपळ उपटू नका. मुळासोबत दगड येतो.

पाडकाम थांबवायच्या अर्जाला मोजमापाचे नकाशे, ओळंब्याच्या नोंदी आणि छपराच्या खर्चाचा अंदाज जोडा. नुसतं ‘वारसा’ लिहून फाइल हलत नाही. पाडल्यावर असा दगड पुन्हा कुणी घडवणार नाही. मंजुरी येईस्तोवर छपरावर ताडपत्री टाका, पण कडेने वारा खेळता ठेवा. चारही बाजूंनी आवळली तर आतली ओल वाशांतच मुरते.