गव्हाण

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीच्या आगेमागे आपण दर वर्षी एक बातमी ऐकतो. अमक्या साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला, गव्हाणीत उसाची मोळी टाकून शुभारंभ झाला. बातमी दोन ओळींची असते, पण ती कानावर पडली की मला नाताळ जवळ आल्यासारखं वाटतं. कारण माझ्या आईच्या मराठी बायबलात, लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात, हाच शब्द आहे. मरियेनं आपल्या पहिल्या लेकराला बाळंत्यात गुंडाळलं आणि गव्हाणीत ठेवलं. उतारशाळेत त्यांना जागा नव्हती.

गव्हाण म्हणजे जनावरांना चारा घालायची जागा, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. माझं लहानपण लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं. मातीच्या जाड भिंती, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दारातून आत आलं की डाव्या हाताला दावण, तिथं दोन बैल आणि एक गाय. उजव्या हाताला हातभर उंच ओटा आणि त्या ओट्यावर आमचा सगळा संसार. रात्री दिवा मालवला की बैलांचा रवंथ ऐकू यायचा. पौष-माघाच्या थंडीत जनावरांच्या अंगाची ऊब ओट्यापर्यंत पोचायची. पुढं वाचनात आलं की येशूच्या काळी त्या मुलखातली साधी घरंही पुष्कळ ठिकाणी अशीच असत, असं काही अभ्यासक मानतात. एकाच छपराखाली खालच्या अंगाला जनावरं, वरच्या अंगाला माणसं आणि मधे गव्हाण. ज्याला आपण उतारशाळा म्हणतो, तो मूळ शब्द पाहुण्यांच्या खोलीलाही लावता येतो म्हणे.

हे वाचून मला फार बरं वाटलं. लहानपणी त्या उतारशाळेवाल्याचा मला राग यायचा. अवघडलेल्या बाईला दारातून परत लावणारा हा कसला माणूस? खरं तर लूकच्या गोष्टीत असा कुणी माणूस नाहीच, तो आपणच नाटकांतून उभा केला. आता डोळ्यांपुढं दुसरंच कुणी येतं. घर पाहुण्यांनी भरलेलं आहे, खोलीत पाय ठेवायला जागा नाही. अशा वेळी घरातली एखादी बाई उठली असेल, गव्हाणीतला कडबा तिनं झटकला असेल, वर धडसं काही अंथरलं असेल आणि म्हणाली असेल, "ठेव माय इथं लेकराला." तिचं नाव कुठं लिहिलेलं नाही, आणि ती होतीच असंही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण बाळंतपण झालं म्हणजे कुणीतरी जागा करून दिली होती, एवढं नक्की.

नाताळचा अर्थ मला इथं सापडतो. देव माणसांत राहायला आला तो तान्हं लेकरू होऊन आला, आणि आल्या आल्या त्याला लागली ती जागा. दिवे, चांदणी, करंज्या, बुंदी, नवे कपडे हे सगळं मला आवडतं. तो आनंद खोटा आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या गर्दीत घरातली आणि मनातली गव्हाण रिकामी करायची राहून जाते.

आणखी एक सांगते. बेथलेहेम या इब्री नावाचा अर्थ होतो भाकरीचं घर. येशूनं पुढं स्वतःला जीवनाची भाकर म्हटलं. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या आपल्या माणसांना हे वेगळं उलगडून सांगायला नको.

कैसर औगुस्तानं नावनोंदणीचा हुकूम काढला म्हणून मरिया आणि योसेफ नासरेथहून बेथलेहेमला निघाले. वाट शंभरावर किलोमीटरची, आणि तिचे दिवस भरत आलेले. हुकूम वरून आला आणि गरिबाला घर सोडावं लागलं. श्रोतेहो, ही गोष्ट आपल्याला परकी आहे का? दसरा झाला की ऊसतोडीसाठी बीड जिल्ह्यातली, शेजारच्या तालुक्यांतली किती गावं अर्धी रिकामी होतात! आगाऊ पैशाची उचल घेतलेली असते, मजूर गोळा करणाऱ्या मुकादमाचा निरोप येतो आणि नवराबायको, म्हणजे एक कोयता, भांडीकुंडी बांधून ट्रॅक्टरवर चढतात. पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहायचं. पहाटे अंधारात फडात उतरायचं. किती बायका या दिवसांत पोटुशा असतात, किती जणींचं बाळंतपण कोपीत होतं. मागं गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली नातवंडं उरतात. नाताळच्या गाण्यांची फेरी घेऊन आमची मंडळी अशा गावात जाते तेव्हा निम्म्या दारांना कुलपं दिसतात. जिथं दार उघडतं तिथं एखादी आजी उंबऱ्याला धरून उभी असते.

जन्माची बातमी पहिल्यांदा कळली तीही रात्री मेंढरं राखत जागणाऱ्यांना. डिसेंबरात आपल्याकडं शेतात धनगरांचे वाडे उतरलेले असतात. जाळीत मेंढरं, बाजूला शेकोटी, कांबळं पांघरून बसलेला राखणदार. नाताळच्या पत्रिकेवरचं ते चित्र मला कधी परदेशी वाटलंच नाही.

आणि आमच्या भागात तर याच दिवसांत येळवस येते. मार्गशीर्षातली अमावस्या, कधी नाताळच्या आधी, कधी नंतर. लातूर-धाराशिवकडच्यांना ठाऊक आहे त्या दिवशी काय होतं ते. गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर. बांधावरून जाणाऱ्या वाटसरूला हाक मारून पंगतीत बसवतात. तू कुणाचा, कुठला, हे कुणी विचारत नाही. आम्ही गावातली आठ-दहा ख्रिस्ती घरं. येळवशीला आम्ही कुणाकुणाच्या शेतात पोटभर जेवलो याचा हिशेब नाही. आणि नाताळच्या सकाळी गावातली पोरं आमच्या ओट्यावर करंज्यांसाठी रांग लावायची. निःस्वार्थ वाटून खाणं हे मी चर्चमध्ये ऐकलं, पण हाताला त्याची सवय येळवशीनं लावली.

३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट आमच्याकडं कुणी विसरलेलं नाही. मघाशी ज्या माळवदाचं मी कौतुकानं सांगितलं, तीच माळवदं आणि तेच दगडमातीचे जाड भिताड त्या पहाटे किल्लारीच्या परिसरात झोपलेल्या माणसांवर आले. हजारो माणसं गेली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत नाताळ आला. ढोलकी काढायची की नाही यावर आमच्यात खल झाला. पाळकसाहेब म्हणाले, ढोलकी राहू द्या, पण जाऊ मात्र या. पत्र्यांच्या शेडमध्ये आम्ही गेलो ते नुसतं बसायला. बोलायला काही नव्हतंच. तासाभरानं एक म्हातारी म्हणाली, "गाण्याला आलाव तर म्हणा की. लई दिस झाले, गाणं कानावर पडलं नाही." आम्ही हळू आवाजात एक गाणं म्हटलं. ते झाल्यावर तिनं जात्यावरची एक ओवी म्हटली, अर्ध्यात थांबली, पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा पुरी केली. नाताळचा आनंद म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी त्या शेडकडं बोट दाखवीन. दुःख तिथंच होतं. कुणी ते नेलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी ती म्हातारी एकटी नव्हती.

आता थोडं मनातलं बोलते. हल्ली वाटपाचे कार्यक्रम पुष्कळ होतात. एक ब्लँकेट, ते धरणारे सहा हात, आणि घेणाऱ्यानं मात्र कॅमेऱ्याकडं बघायचं. देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, हे मी जाणते. पण उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, असं येशूनं सांगितलं ते घेणाऱ्याची मान वर राहावी म्हणूनही असेल. द्यायचं तर आधी जाऊन बसावं, विचारावं. आम्ही एके वर्षी साड्या नेल्या होत्या. कोपीतल्या बाया म्हणाल्या, साड्या हायत ओ बाई, पहाटे फडात जाताना साप-विंचवाचं भ्या वाटतं, बॅटरी द्या एखादी. बॅटरी ही गोष्ट आमच्या एकीच्याही डोक्यात आली नव्हती.

हे विचारणं मी आईकडून शिकले. तेवढी एक गोष्ट सांगते आणि थांबते.

साल १९८६, मी दहा वर्षांची. आम्ही तिघं भावंडं एका गोधडीत झोपायचो आणि रात्रभर ती ओढत असायचो. त्या वर्षी आईनं मला कबूल केलं होतं, नाताळला तुझी तुला वेगळी गोधडी. दसऱ्यापासून ती रोज दुपारी शिवायला बसायची. आत आजीची दोन मऊ लुगडी, वर आईची हिरवी साडी, कडेला लाल काठ. मी शेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यायची. बोटभर अंतरावर एकामागून एक धाव टाके, सगळ्या गोधडीभर. कुठला टाका कुठं वाकडा गेलाय हे मला पाठ होतं.

गावाबाहेर ऊसतोडीच्या कोप्या पडल्या होत्या. २३ डिसेंबरच्या रात्री तिथली एक पोरसवदा बाई बाळंत झाली. सकाळी आई बघून आली आणि महिला मंडळाच्या बायकांना तिनं गोळा केलं. चांदणीच्या कंदिलासाठी, पताकांसाठी आणि बुंदीसाठी वर्गणी जमली होती. बायकांचं बोलणं फार वेळ चाललं नाही. त्या पैशांतून बाजरीचं पीठ, गूळ, खोबरं, ओवा, बाळंतशेपा आणि वाटीभर तूप आलं. मग आई घरात गेली आणि माझी गोधडी घेऊन बाहेर आली.

मी रडले, पाय आपटले. आई रागावली नाही आणि समजूतही घातली नाही. "चल तू पण. तुझी आहे, तूच उचल," एवढंच म्हणाली. गोधडी डोक्यावर घेऊन मी तिच्या मागं चालत गेले, रस्ताभर हुंदके देत.

कोपीत वाकून शिरावं लागलं. खाली पाचट, तीन दगडांच्या चुलीचा धूर, आणि पाटीत बापाच्या धोतरात गुंडाळलेली एवढीशी मुलगी. तिची मूठ बाहेर आली होती, थंडीनं निळसर पडलेली. सासू सामानाकडं बघत राहिली. हात काही पुढं करीना. म्हणाली, "माय, हे आम्ही फेडावं कसं?"

"बाळंतविडा कुणी फेडतं का?" आई म्हणाली.

"बाळंतविडा नात्यातून येतो ओ. कुणाकडून आला म्हणून सांगू?"

आईला विचार करावा लागला नाही. "बाळाच्या आत्याकडून," ती म्हणाली.

म्हातारीनं हात पुढं केले. मला गुळाचा कोरा चहा मिळाला. गोधडीची घडी मीच उलगडली आणि लाल काठाची बाजू बाळाच्या पायाकडं घातली, कारण काठ अंगाला टोचतो. रात्री आम्ही तिघं पुन्हा तीच जुनी गोधडी ओढत झोपलो.

दुसऱ्या दिवशी उपासना चालू होती. कंदील नव्हता, पताका नव्हत्या. पाळकसाहेब गव्हाणीची गोष्ट वाचत होते. एवढ्यात दारात कुणीतरी चपला काढल्या. ती सासू होती, डोक्यावर पदर घेतलेली. आत यावं की नाही अशी उभी. सतरंजीवरच्या बायका एकमेकींना म्हणाल्या, "सरका ग जरा," आणि ती आईशेजारी येऊन बसली. शेवटपर्यंत बसली. सगळं झाल्यावर आईला म्हणाली, "फड परवा हलणार, बाराव्यापर्यंत आम्ही हितं नसणार. नाव आत्यानं ठेवायचं असतंय. सांगा आत्याबाई."

आईनं माझ्याकडं बोट केलं. "गोधडी हिची होती. हिला विचारा."

म्हातारी माझ्यापुढं खाली बसली आणि माझ्या तोंडाकडं बघू लागली. मला एकच नाव सुचलं, माझ्या चिंध्यांच्या बाहुलीचं. ते मी आज इथं सांगत नाही, न जाणो, ती कुठंतरी हे ऐकत असेल. म्हातारीनं ते दोनदा म्हणून पाहिलं, मग विसरू नये म्हणून तोंडात घोळवत घोळवत पांदीनं फडाकडं निघून गेली.