काठ सोडा, डावी बाजू सोडू नका

(दृश्य: कर्वे रस्ता, सकाळचे साडेआठ. दुचाक्यांचा लोंढा.)

या गर्दीत सायकल शोधावी लागते. दिसली बघा एक. पेपर टाकून परत निघालेला आहे, कॅरिअरला रिकामी पिशवी. मागे शाळेच्या गणवेशातली मुलगी. आणि तो चकचकीत हेल्मेटवाला, बहुतेक आयटीतला. ज्या पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे, त्या पुण्यात आज सायकलवाला न बोलावलेल्या पाहुण्यासारखा अंग चोरून चाललेला असतो.

आता तो पेपरवाला कुठून चाललाय ते पाहा. जिथे डांबर संपतं आणि गटाराची जाळी लागते, बरोब्बर त्या पट्टीतून. घरच्यांनी, मास्तरांनी, सगळ्यांनी हेच सांगितलेलं असतं: कडेनं चालव रे बाबा. सल्ला मायेचा आहे, पण अर्धाच बरोबर आहे.

(दृश्य: कॅमेरा रस्त्याच्या काठाला, टायरच्या उंचीवर.)

कडेला काय असतं? वाळू. काचा. पेव्हर ब्लॉक आणि डांबर यांच्यामधली चीर. दोन बोटं खाली बसलेलं चेंबरचं झाकण. जाळीच्या फटी रस्त्याला समांतर असल्या तर बारीक टायर सरळ आत जातो. हे सगळं चुकवायला सायकलवाला एकदम उजवीकडे सरकतो, आणि मागून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला त्याची कल्पना नसते. दुसरं म्हणजे, तुम्ही काठाला चिकटलात की मागच्याला वाटतं, जागा आहे, काढू गाडी घासून.

म्हणून डावी बाजू धरायची, पण काठापासून दोन हात, म्हणजे साधारण मीटरभर आत. सरळ रेषेत. मागच्याला हॉर्न वाजवावासा वाटला तर वाजवू दे. हॉर्न वाजवला याचा अर्थ त्याला तुम्ही दिसलात.

(दृश्य: लक्ष्मी रस्ता, ओळीनं लावलेल्या गाड्या.)

उभ्या गाड्यांच्या शेजारून जाताना हेच अंतर आणखी वाढवायचं. मोटारीचं दार उघडलं की जवळजवळ मीटरभर बाहेर येतं, आणि डावीकडे लावलेल्या गाडीत रस्त्याच्या बाजूचं दार ड्रायव्हरचं असतं. मागच्या काचेतून आत डोकं दिसलं, ब्रेकलाइट नुकताच विझला, की सावध. मोटारवाल्यांनाही एक सवय सांगून ठेवतो: उजवं दार डाव्या हातानं उघडा. हात आडवा गेला की अंग वळतं आणि नजर आपोआप मागे जाते. खर्च शून्य.

सगळ्यांत वाईट जागा मात्र सिग्नलला असते. बस किंवा डंपर उभा आहे, डावीकडे सायकलपुरती फट आहे, आणि पुढे जायचा मोह होतोच. ड्रायव्हर उजवीकडे, उंचावर बसलेला. डाव्या पुढच्या चाकाजवळचा सायकलवाला त्याला दिसत नाही. सिग्नल सुटला आणि डंपर डावीकडे वळला, की पुढचं चाक लांबून फिरतं, पण मागची चाकं कोपरा कापत आत येतात. सायकलवाला नेमका त्या कोपऱ्यात. तेव्हा फट कितीही मोकळी असू दे, मागेच थांबायचं. एक खूण लक्षात ठेवा: आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

राँग साइड. यू-टर्न लांब आहे म्हणून शंभर पावलं उलटं जाणारे सायकलवाले इथे ढिगानं आहेत, आणि त्यांना कोणी अडवतही नाही. हिशेब करा. तुम्ही ताशी 15नं, मोटारसायकल 40नं. ती मागून आली तर वेगातला फरक 25. समोरून आली तर 55. शिवाय गल्लीतून डावीकडे वळणारा माणूस फक्त उजवीकडे बघतो, कारण गाड्या तिकडूनच यायच्या असतात. तुम्ही येता डावीकडून.

(दृश्य: सायकल दुरुस्तीचं दुकान, भिंतीला टांगलेला जुना डायनामो.)

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा 1988चा. त्यात सायकल हे मोटार वाहनच नाही. लायसन्स नाही, नंबरप्लेट नाही, हेल्मेटची सक्ती नाही. बॅटरीवरची सायकलही 250 वॉटच्या आत आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. पण म्हणून वाटेल तशी चालवावी असं नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 281 बेदरकारपणे ‘कोणतंही वाहन’ चालवण्याबद्दल आहे, सायकलही त्यात येते. आणि पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे; लोणावळ्याला जायचं तर जुना हायवे.

जुन्या लोकांना सायकलचा कर आणि त्याचा पितळी बिल्ला आठवत असेल. रात्री दिवा नसला की पोलीस धरायचे, म्हणून चौक आला की लोक खाली उतरून सायकल हातात धरून चालायचे. डायनामोचा दिवा चाक फिरेपर्यंतच लागायचा. थांबलात की अंधार. आता बॅटरीचे दिवे स्वस्त झालेत. पुढे पांढरा, मागे लाल. पुढच्याचा झोत जरा खाली, समोरच्याच्या डोळ्यात नको. 2020मध्ये केंद्र सरकारनं सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्ता आदेश काढला. दुकानदारानं लावून दिलेले ते रिफ्लेक्टर ‘दिसायला बरे नाहीत’ म्हणून काढून टाकणारे हौशी लोक मला कधी कळले नाहीत.

(दृश्य: सिंहगड, पावसाळा, उतार.)

पावसात रिम ओली असते. ब्रेक दाबला की चाकाचे पहिले काही फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात, मग कुठे पकड येते. म्हणून उतारावर आधीपासून हलके हलके ब्रेक, आणि वेग कमी करायचा तो वळणाच्या अगोदर. वळणात पुढचा ब्रेक करकचून दाबला की सायकल खाली जाते. झेब्राचे पांढरे पट्टेही ओले झाले की निसरडे.

आणि रविवारी खडकवासल्याकडे चौघं-चौघं शेजारी गप्पा मारत जाणारे ग्रुप! एकामागे एक चला हो. गप्पा चहाला.

(दृश्य: फूटपाथवरचा सायकल ट्रॅक, त्यावर लावलेल्या मोटारसायकली.)

महापालिकेनं 2017मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. ट्रॅक कागदावर छान आहेत. इथे मध्येच विजेचा डीपी येतो, पुढे वडापावची गाडी.

एवढं करूनही गाडीनं उडवलंच, तर आधी 108 किंवा 112. मदत करणाऱ्यानं घाबरू नये, 2019च्या दुरुस्तीनं त्याला कायद्याचं संरक्षण आहे. गाडीचा नंबर टिपा, सायकल तिथून हलवण्याआधी फोटो काढा, पोलिसांत नोंद करा. प्रत्येक मोटार वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो तुमच्यासारख्यासाठीच. गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तरी 1 एप्रिल 2022पासूनच्या योजनेत गंभीर दुखापतीला 50 हजार आणि मृत्यू झाल्यास कुटुंबाला 2 लाख रुपये मिळतात. त्याचा अर्ज महसूल खात्याकडे, प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांच्या कचेरीत करायचा असतो.