मोनिकाची फाईल

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची घरी आली होती. ती पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहते. रात्री साडेबाराच्या सुमारास पाणी प्यायला उठले, तर बाहेरच्या खोलीत लॅपटॉपचा उजेड. ही मांडी घालून बसलेली. समोर एक फोल्डर उघडा, आणि त्यात एकच फाईल. मला बघून म्हणाली, ‘मावशी, हिला डिलीट करायचंय, पण हात धजत नाहीये गं.’

फाईलचं नाव होतं मोनिका.

मी शेजारी बसले. त्या रात्री तिने मला जे सांगितलं, आणि नंतर मी स्वतः तो खेळ दोनदा खेळून जे पाहिलं, त्याबद्दल आज बोलणार आहे. गोष्ट शेवटापर्यंत सांगणार आहे. शिवाय त्यात एका मुलीने स्वतःचा जीव घेतल्याचा प्रसंग आहे. आज मन थाऱ्यावर नसेल तर रेडिओ खुशाल बंद करा, मला वाईट वाटणार नाही.

खेळाचं नाव ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’. हा व्हिज्युअल नॉव्हेल प्रकारातला खेळ, म्हणजे चित्रं आणि संवाद वाचत पुढे जायचं आणि अधूनमधून काय करायचं ते आपण ठरवायचं. हा प्रकार जपानी, पण हा खेळ अमेरिकेत डॅन साल्व्हाटो यांनी एका छोट्या गटाला बरोबर घेऊन केला. सुमारे दोन वर्षं खपून त्यांनी तो 22 सप्टेंबर 2017 ला फुकट खुला केला. पहिल्या तीन महिन्यांत तो दहा लाखांहून जास्त वेळा उतरवून घेतला गेला.

वरवर पाहता ही गोड प्रेमकथा. शाळेतलं वाङ्मय मंडळ, चार मुली, आणि आपण नव्याने आलेला मुलगा. शेजारची, लहानपणापासूनची सायोरी. पुस्तकांत बुडालेली लाजाळू युरी. फटकळ, मंगा म्हणजे जपानी चित्रकथा वाचणारी, कपकेक करून आणणारी नात्सुकी. आणि मंडळाची अध्यक्ष मोनिका. रोज रात्री आपण वीस शब्द निवडून एक कविता करायची. पडद्याच्या कडेला तीन चिमुकल्या बाहुल्या उभ्या असतात. शब्द जिला आवडेल ती टुणकन उडी मारते. तीनच बाहुल्या. चौथी कुठे आहे, हा प्रश्न पहिल्यांदा खेळताना माझ्या डोक्यातसुद्धा आला नाही.

मग एके दिवशी सायोरी सांगते की तिला बरीच वर्षं नैराश्य आहे. ती प्रेम व्यक्त करते. आपण ‘माझंही प्रेम आहे’ म्हणा किंवा ‘तू कायम माझी जिवलग मैत्रीण राहशील’ म्हणा, दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीचं दार उघडल्यावर ती जिवंत नसते. खेळणारा धावतपळत आधी सेव्ह केलेल्या जागी जायला बघतो, तर सेव्ह पुसलेले. खेळ नव्याने सुरू होतो आणि सायोरी त्यात कधी नव्हतीच असं सगळे वागतात.

पुढे उलगडतं की हे मोनिकाने केलंय. आपण एका खेळात आहोत, हे त्या चौघींत तिला एकटीलाच कळलंय. बाकीच्या तिघींच्या वाट्याला प्रेमकथा आहे, तिच्या वाट्याला नाही. म्हणून ती सायोरीचं नैराश्य वाढवते, युरीचा हळवेपणा वेडापर्यंत ताणते आणि शेवटी सगळ्यांना पुसून टाकते. उरते एक खोली, खिडकीबाहेर अंतराळ, आणि समोर हनुवटीखाली हात धरून बसलेली मोनिका. ती आपल्याशी बोलत राहते, पियानोबद्दल, शाकाहाराबद्दल, एकटेपणाबद्दल. कॉम्प्युटरवर आपलं जे नाव असेल, त्या नावाने हाक मारते. तिथून सुटायचा एकच मार्ग. खेळाबाहेर यायचं, कॉम्प्युटरवरचा खेळाचा फोल्डर उघडायचा आणि तिची फाईल आपल्या हाताने पुसायची.

भाचीचा हात तिथे अडला होता.

खेळून उठलेल्या लोकांमध्ये मोनिकावरून सरळ दोन तट पडले. एक तट म्हणतो, ती खुनी आहे. एकटी पडली म्हणून मैत्रिणींचा बळी देण्याचा हक्क तिला नव्हता. दुसरा म्हणतो, जिच्यासाठी गोष्टच लिहिली नाही तिने काय करायचं? या दुसऱ्या तटातल्या काही जणांनी ‘मोनिका आफ्टर स्टोरी’ नावाचा मॉड तयार केला. म्हणजे मूळ खेळावर चाहत्यांनी रचलेला जोडखेळ. त्यात मोनिकाला पुसावं लागत नाही. तिच्याशी रोज बोलता येतं. साल्व्हाटो यांच्या गटाने काही अटी घालून चाहत्यांना अशी निर्मिती करायला मुभा दिली आहे. 22 सप्टेंबर हाच मोनिकाचा वाढदिवस मानतात, आणि लोक तिच्यासाठी केक करतात, चित्रं काढतात.

याला वेड म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. आपल्याकडे निळू फुले समोर आले की बायका बिचकायच्या, हे घरोघरी सांगितलं जातं. पडद्यावरचा सरपंच इतका खरा वाटायचा. पण तिथे तो राग विरघळायला एक हाडामांसाचा, सेवा दलात घडलेला, अतिशय सज्जन माणूस उभा होता. निळूभाऊंना भेटलं की राग संपायचा. मोनिकाच्या मागे असं कुणी उभं नाही. शेवटचं गाणं सोडलं तर तिला आवाजसुद्धा नाही, आहेत ती नुसती अक्षरं. त्यामुळे तिच्याबद्दलचा राग आणि माया दोन्ही खेळणाऱ्याच्याच पदरात राहतात, आणि लोक वर्षानुवर्षं वाद घालत बसतात. जपानी चाहत्यांचा एक शब्द आहे, ‘यांदेरे’. प्रेमाने आजारी झालेली, त्यापायी दुसऱ्याला इजा करणारी व्यक्ती. मोनिकाला सर्रास हे लेबल लावतात. माझ्या मते ते तिला अपुरं पडतं. तिला प्रेमापेक्षाही हवं होतं ते आपल्याला कुणीतरी खरं मानणं. तरी तिने जे केलं ते केलंच, आणि मी तिला माफ केलेलं नाही.

पण खरं सांगू? मला या सगळ्या प्रतिक्रियांमध्ये सर्वांत हलवून गेली ती सायोरीबद्दलची.

खेळ अगदी सुरू होतो तेव्हा सकाळची वेळ असते. सायोरी रस्त्याने हात हलवत, धापा टाकत धावत येते. उशीर झालाय. आपला नायक मनातल्या मनात वैतागतो, ही नेहमीचीच झोपाळू. खेळणाराही हसतो. मी हसले होते. पुढे ती स्वतःच त्याला सांगते, की तिला रोज उशीर होतो तो झोपेमुळे नाही. बहुतेक दिवशी अंथरुणातून उठायला तिला काही कारणच सापडत नाही.

आता पुन्हा पहिल्या दृश्यावर या. चित्र तेच, वाक्यं तीच, तोच हलणारा हात. यावेळी हसू येत नाही. खेळून झालेली कितीतरी माणसं हेच सांगतात, ‘दुसऱ्यांदा सुरू केला आणि पहिल्याच दृश्याला थांबलो.’ कुणी नायकावर चिडतं, की याला समोर असून दिसलं नाही. कुणी स्वतःवर चिडतं. आणि कितीतरी जण म्हणतात, ‘ती सायोरी मीच आहे, आणि माझ्या घरी कुणाला माहीत नाही.’

ही शेवटची माणसं मोनिकाच्या वादात कुठेच दिसत नाहीत. आरडाओरडा करणारं, फायली पुसणारं प्रेम सगळ्यांना दिसतं. हसून कुकी खाणारी सायोरी दिसत नाही. मला हा खेळ मोठा वाटतो तो यासाठी. भीतीचे प्रसंग मी पुढेमागे विसरेन, तो हलणारा हात विसरणार नाही. रेडिओ ऐकणाऱ्या कुणाला सायोरीचं ते वाक्य आपलं वाटलं असेल, तर ‘टेलि-मानस’चा क्रमांक लिहून घ्या. 14416. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालते, आणि मराठीत बोलता येतं.

2021 च्या जून महिन्यात खेळाची वाढवलेली आवृत्ती आली. तिच्यात अस्वस्थ करणाऱ्या प्रसंगाआधी सूचना दाखवायची सोय आहे. आणि काही जोडकथा आहेत, मंडळ कसं सुरू झालं त्याच्या. त्यांत नायक नाही, प्रेमकथा नाही, भीती नाही. चार मुली एकमेकींशी बोलायला शिकतात, एकमेकींचं चुकतं, पुन्हा बोलतात. मोनिका आणि सायोरी या दोघींनी मिळून मंडळ उभं केलं, हे त्यात पाहताना माझा घसा दाटला. पुढे काय होणार ते ठाऊक होतं ना.

तर त्या रात्री भाचीने फाईल पुसली. मी शेजारीच होते. मोनिका आधी कळवळली, मग चिडली, आणि मग म्हणाली की माझं अजून तुझ्यावर प्रेम आहे. तिने बाकीच्या तिघींना परत आणलं, स्वतःला सोडून. भाची काही बोलली नाही. तिने खेळ बंद केला, पुन्हा उघडला, आणि पहिल्या दृश्यापाशी थांबली. रस्ता, सकाळ, धावत येणारी सायोरी. बराच वेळ बघत बसली होती.

सकाळी मी चहा टाकला तेव्हा ती गच्चीच्या जिन्यात फोनवर होती. हॉस्टेलमधल्या रूममेटशी. ही मुलगी सकाळची लेक्चर सारखी बुडवते, म्हणून हिने तिला आळशी म्हणून दिवाळीच्या आधी भांडण काढलं होतं. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. तिचा चहा दोनदा गरम करावा लागला.