फुलाचा रंग लोकरीवर येतच नाही, मग येतं काय?

नमस्कार. बोलायच्या आधी या दोन लड्या बघा.

(दोन्ही लड्या कॅमेऱ्याजवळ धरून)

लोकर एकच. रंगवल्याही एकाच आठवड्यात. ही फिकट, मातकट दिसतेय ना, ती बिटाची. भांड्यातून काढली तेव्हा इतका सुंदर गुलाबी उतरला होता की मी हातातलं काम टाकून तिचे फोटो काढत बसले. धुतली, तर अर्धा रंग पाण्याबरोबर गेला. उरलेला खिडकीतल्या उजेडाने महिनाभरात खाल्ला. फार वाईट वाटलं होतं मला. आणि ही दुसरी झेंडूची. तीही त्याच खिडकीत होती. अजून अशी पिवळीधमक आहे.

बीट झेंडूपेक्षा कितीतरी गडद, कापलं की हात लाल होतात. तरी हरलं. का, ते नीट कळलं की पुढचे बरेच घोटाळे वाचतात.

आता ही झेंडूची पाकळी घ्या. केशरी दिसते. हा केशरी रंग म्हणजे कॅरोटिनॉइड, गाजरातल्या रंगाचा भाऊबंद. तो तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणजे तुम्ही फुलं उकळता तेव्हा डोळ्यांना दिसणारा रंग जवळजवळ पाकळीतच राहतो. पाण्यात उतरतात ते फ्लेव्होनॉइड, त्याच पाकळीत असलेले पण केशरी रंगाखाली झाकलेले. लोकर पिवळी करतात ते हे. म्हणून केशरी झेंडूतूनही लोकर पिवळी निघते.

फुल बघून रंग ठरवायचा नाही, हे मी एवढं ठासून सांगते ते यासाठी. लाल गुलाब, जास्वंद, बीट, सगळे डोळ्यांत भरणारे आणि लोकरीवर टिकायला कच्चे. आणि मंजिष्ठेचा वेल बघा, वर हिरवी पानं आणि नजरेत न भरणारी बारीक फुलं. लाल रंग सगळा जमिनीखाली, मुळांत. कांद्याची सालं आपण सरळ फेकून देतो, पण त्यांच्यातून सोनेरीपासून तपकिरीपर्यंत छटा निघतात.

बरं, रंग पाण्यात उतरला. तो लोकरीला धरून कसा राहणार? इथे तुरटी येते. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका बाजूने लोकरीतल्या प्रथिनाला धरतं आणि दुसऱ्या बाजूने रंगाच्या रेणूला. मधला दुवाच तो. आणि रंगाच्या रेणूलाही अशी पकड घेता यायला हवी. झेंडूतल्या फ्लेव्होनॉइडला येते, मंजिष्ठेला येते. बिटातल्या रंगाला येत नाही. त्याला कितीही तुरटी द्या, तो निघूनच जाणार.

मीठ टाका, व्हिनेगर टाका म्हणजे रंग पक्का होतो, असं फार ठिकाणी ऐकायला मिळतं. मनापासून सांगते, त्यात वेळ घालवू नका. व्हिनेगरने पाणी आंबट होऊन एखाद्या रंगाची छटा बदलेल, पण ॲल्युमिनियमसारखा दुवा यांच्यातलं कोणीच जोडत नाही.

(भांड्याकडे वळून)

चला, करून बघू. ही १०० ग्रॅम लोकर. वजन कोरडी असतानाच करायचं, पुढची सगळी मापं त्यावर ठरतात. लडी दोन-तीन ठिकाणी दोऱ्याने बांधलीय, पण सैल. बोट आत गेलं पाहिजे. घट्ट बांधलं तर गाठीखाली पांढरे पट्टे राहतात. मग सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून धुवायची, कारण लोकरीला अंगचं तेल असतं आणि तेलावर ना तुरटी बसत ना रंग.

१०० ग्रॅमला तुरटी १२ ग्रॅम. १० ते १५ मधलं काहीही चालतं, त्याहून जास्त घातली तर लोकर चिकट लागते. गरम पाण्यात पूर्ण विरघळवायची, भांडं पाण्याने भरायचं आणि मग ओली लडी आत सोडायची. आच मंद. पाऊण तास घेऊन ८० अंशांपर्यंत न्यायचं, तिथे तासभर ठेवायचं आणि त्याच पाण्यात रात्रभर गार होऊ द्यायचं.

उकळी आणायची नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. एकदम गरम, एकदम गार, आणि वर ढवळाढवळ झाली की ते खवले एकमेकांत अडकतात आणि लडीचा घट्ट, आटलेला गोळा होतो. तो परत सुटत नाही. माझी एक आख्खी लडी अशी गेली, गरम भांड्यातून काढून थेट नळाखाली धरली म्हणून. तेव्हापासून मी लडी ढवळत नाही, फक्त उचलून फिरवते.

फुलं वाळलेली असतील तर लोकरीच्या वजनाइतकी, ताजी असतील तर तिप्पट घ्या. तासभर मंद आचेवर, मग गाळून घ्यायची, नाहीतर पाकळ्यांचे तुकडे धाग्यात अडकून बसतात. गाळलेल्या पाण्यात तुरटीतून काढलेली लडी सोडायची. मंजिष्ठ असेल तर आच अजून कमी, ६५-७० अंशांपर्यंतच. वर गेलं की लालात तपकिरी झाक येते. या मुळात नुसता एक रंग नसतो, लाल, नारिंगी, तपकिरी असे बरेच मिसळलेले असतात, आणि कुठला वर येणार ते उष्णता ठरवते. युरोपातल्या मंजिष्ठेतला मुख्य लाल रंग, ॲलिझरिन, १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तयार केला आणि थोड्याच वर्षांत मुळांची शेती बसली. पण मुळाच्या लालात जी खोली दिसते ती या सगळ्या सोबत्यांमुळे, असं मला वाटतं.

नीळ आज घेत नाही. तिचं सगळंच वेगळं. तिला तुरटी लागत नाही, ती पाण्यात विरघळतही नाही. आधी रासायनिक क्रियेने तिचं रूप बदलावं लागतं, मग विरघळते, आणि लडी बाहेर येते ती पिवळट हिरवी. हवेत धरली की डोळ्यांदेखत निळी होते. त्यावर स्वतंत्र व्हिडिओ करणार आहे.

सुती धाग्याबद्दल विचारणा येतेच. सुतात प्रथिन नाही, म्हणून तुरटी नुसती घालून तशी बसत नाही. आधी हिरड्याच्या पाण्यात सूत मुरवा, मग तुरटी.

रंगाची भांडी वेगळी ठेवा, त्यांत परत स्वयंपाक नको. स्टीलचं भांडं चांगलं. मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, घातला की हिरवट छटा मिळते, पण तो विषारी आहे, मी वापरत नाही. हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, वापरते, अगदी चिमूटभर, १०० ग्रॅमला १ ग्रॅम. जास्त झाला तर लोकर खरखरीत होते. बघा काय होतं ते.

(पिवळ्या लडीचं टोक हिराकसाच्या पाण्यात बुडवून)

बघा... कडेने काळवंडतंय... आणि हा शेवाळी हिरवा. तेच फुल, तीच लोकर, फक्त लोखंड आलं मध्ये.

टिकतो की नाही हे माझ्यावर विश्वास ठेवून मानू नका. रंगवलेला धागा पुठ्ठ्यावर गुंडाळा, अर्धा भाग जाड कागदाने झाका आणि खिडकीत दोन आठवडे ठेवा. मग कागद काढून दोन्ही बाजू शेजारी शेजारी बघा. हळदीची ही पट्टी बघा, झाकलेली बाजू पिवळी आणि उघडी जवळजवळ पांढरी.

आणि हे झेंडूचं पाणी ओतून देऊ नका. पहिल्या लडीने सगळा रंग घेतलेला नसतो. दुसरी लडी तुरटीतून काढून ठेवलीय, ती आता यात सोडते. हिचा पिवळा फिका असेल, लोण्यासारखा. मला तोच जास्त आवडतो.