दांडीवरून पडणारा पक्षी

नौपाड्यातल्या एका घरातील हा कॉकटिएल, म्हणजे शेंडीवाला छोटा पोपट, वजन ९० ग्रॅम. त्याची मान एका बाजूला कलली आहे, पायांची बोटे मुठीसारखी मिटत आहेत आणि दांडीवर बसवले की तो पुढे कोसळतो आहे. अशा पक्ष्याला 'वारं लागलं' असे म्हणून घरगुती उपाय केले जातात आणि त्यात हाताशी असलेले दिवस निघून जातात.

आता हे क्ष-किरण चित्र पाहा. पोटात मीठ सांडल्यासारखे जे पांढरेशुभ्र ठिपके दिसतात, ते धातूचे कण आहेत. रक्ततपासणीत शिसे निघाले. जुन्या पिंजऱ्याच्या सांध्यांवरचा शिसे असलेला डाक (सोल्डर) हा पक्षी चोचीने खरवडत असे. ते कण पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या स्नायूंच्या पिशवीत, अडकून आम्लात विरघळत राहतात आणि रक्तावाटे मज्जासंस्थेपर्यंत पोहोचतात. कॅल्शियम इडीटीएची इंजेक्शने रक्तातले शिसे बांधून लघवीवाटे बाहेर काढतात खरी, पण पेषणी रिकामी झाल्याशिवाय त्यांचा पुरता उपयोग नाही. म्हणून विकार मज्जासंस्थेचा असला, तरी छेद दिला जातो तो गळ्याच्या बुडाशी असलेल्या अन्नपिशवीवर.

मुखवट्यातून आयसोफ्लुरेन देऊन पक्ष्याला भूल दिली आहे. पक्ष्यांच्या श्वासनलिकेची कडी पूर्ण गोल असतात आणि ताणली जात नाहीत, म्हणून श्वासासाठी टोकाला फुगा नसलेली नळीच घालावी लागते. पक्ष्याच्या शरीराचे तापमान साधारण ४१ अंश सेल्सिअस असते आणि भुलेत ते झपाट्याने उतरते, त्यामुळे खाली गरम गादी आहे, पिसे हवी तेवढीच उपटली आहेत आणि स्पिरिटही जपून लावले आहे. अंगात सारे मिळून साधारण ९ मिलिलिटर रक्त. त्यातले एक सांडले, तरी नववा हिस्सा गेला. अन्नपिशवीतून बारीक नळी पेषणीपर्यंत सरकवली जाते, डोके खालच्या बाजूला कलवले जाते आणि कोमट सलाइनच्या धारेबरोबर करडे कण वाटीत उतरतात. मग अन्नपिशवी आणि त्वचा वेगवेगळ्या शिवल्या जातात.

बजरीगार या छोट्या पोपटाचा लंगडा पाय मात्र वेगळे प्रकरण आहे. तिथे अनेकदा मूत्रपिंडाची गाठ पायाच्या नसांवर दाबत असते आणि ती काढणे क्वचितच शक्य होते.

सहा आठवड्यांनंतरचे हे चित्रण. डावा पाय अजून थोडा मागे राहतो. नवा पिंजरा स्टीलचा आहे. जुन्या पिंजऱ्यावर गॅलरीत मनीप्लांट चढला आहे.