तीन गोळ्यांच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका

(ह्यूस्टनमध्ये मराठी मंडळींसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं नीट करून)

नमस्कार मंडळी. बोर्डावर विषय लिहिलाय 'टू-टू-थ्रीसाठी घरच्या घरी अचूक काडतूस' (टू-टू-थ्री म्हणजे रायफलच्या काडतुसाचं एक माप), आणि त्यावर मी बोलणार आहेच, पण त्याआधी मला ते तीन गोळ्यांचं प्रकरण काढायचंय कारण ते बाजूला ठेवलं तर पुढचं सगळं फुकट आहे. तुम्ही सगळे रेंजवर येता, केस (पितळी नळकांडं), प्रायमर (ठिणगी देणारी टिकली), पावडर (दारू), बुलेट (पुढची गोळी) हे काही मी परत सांगत बसत नाही. फक्त जे आज पहिल्यांदा आलेत त्यांच्यासाठी एवढंच, की पॉइंट टू-टू रिमफायर घरी भरता येत नाही, तिचा स्फोटक मसाला केसच्या कडेतच भरलेला असतो आणि पिन त्या कडेवरच आपटते, म्हणजे एकदा वाजली की केस संपली. टू-टू-थ्रीचा प्रायमर मधोमध असतो, काढून नवा बसवता येतो, म्हणून हा सगळा उद्योग शक्य होतो. आणि इंडियात कोणाला व्हिडिओ पाठवाल तर हेही सांगा की तिथे लायसन्सशिवाय काडतूस भरणं गुन्हा आहे आणि वन्यजीव कायद्याने हौसेची शिकार बंद आहे. आपण बोलतोय ते टेक्ससमधल्या कोयोटी, म्हणजे इथले कोल्ह्यासारखे प्राणी, आणि रानडुकरांबद्दल.

आता मुद्दा. रेंजवर प्रत्येकाच्या फोनमध्ये एक फोटो असतो. शंभर यार्ड, तीन भोकं एकमेकांना चिकटलेली, शेजारी नाणं ठेवलेलं. आणि खाली लिहिलेलं असतं, माझी रायफल अर्ध्या इंचाची आहे. म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पुंजका, आपण ज्याला ग्रुप म्हणतो, त्याच्या टोकाच्या दोन भोकांत अर्धा इंच. मी विचारतो चौथी गोळी कुठे गेली? तर म्हणतात, ती फ्लायर होती, भरकटलेली गोळी, माझ्याकडून चाप जरा ओढला गेला. पाचवी? ती पण फ्लायर. अहो, चाप ओढला गेला हे तुम्हाला भोक बघितल्यावर कसं काय समजतं? गोळी सुटल्या क्षणी, स्कोपमधून डोळा काढायच्या आत तुम्ही म्हणालात की ही गेली, तर मी मानेन. कागद बघून म्हणालात तर नाही मानणार. ती गोळी पण त्याच नळीतून, त्याच पावडरवर गेलीय, तिला ग्रुपमधून हाकलायचा हक्क आपल्याला नाही.

इथे निम्मे लोक रिफायनरीत नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये आहेत, सिग्मा म्हणजे काय हे मी तुम्हाला शिकवायला नको. ऑफिसमध्ये तीन सॅम्पलवर कोणी रिपोर्ट आणला तर तुम्ही त्याला परत पाठवाल ना? मग रविवारी रेंजवर काय होतं आपल्याला? गणित असं आहे की गोळ्या दोन्ही दिशांना सारख्याच विखुरतात असं धरलं तर तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी 2.4 सिग्मा (सिग्मा म्हणजे विखुरण्याचं माप) येतो, पाचांचा 3.1 आणि दहांचा 3.8. म्हणजे जी रायफल तीन गोळ्यांत सरासरी एक इंच दाखवते तीच दहा गोळ्यांत एक पूर्णांक सहा दशांश इंच दाखवणार, तिच्यात काहीही बिघाड न होता! त्यात तीनच्या ग्रुपचं स्वतःचं हेलकावणं 37 टक्के आहे. काडतूस तेच, नेम तोच, हवा तीच, आणि एकदा अर्धा इंच येईल, पुढच्या वेळी दीड. दोन्ही खरे आहेत, फोटो मात्र अर्ध्याचाच निघतो.

आणि यातूनच सगळ्यात मोठा घोळ होतो. लोक पावडर थोडी थोडी वाढवत दहा वेगवेगळे लोड, म्हणजे पावडरची वेगवेगळी मापं, भरतात, प्रत्येकाचे तीन बार काढतात आणि सगळ्यात छोटा ग्रुप आला तो लोड पक्का करतात. समजा मी गुपचूप ते दहाही लोड एकच करून ठेवले, तरीही त्यातला एक ग्रुप अर्ध्या इंचाच्या आसपास येणार आणि एक दीड इंचाच्या, आणि तुम्ही त्या अर्ध्यावाल्याच्या नावाने पेढे वाटणार. पुढच्या रविवारी तोच लोड सव्वा इंच दाखवतो, मग दोष दमट हवेला, मग स्कोपच्या रिंगांना, मग नवीन स्कोप! माझा राग आहे तो यावर, कारण यात लोकांचे पैसे जातात, नळी झिजते, आणि चांगली रायफल वाईट म्हणून विकली जाते. मी डोळ्यांदेखत विकलेल्या पाहिल्यात.

आपल्याच गावातली गोष्ट सांगतो, ही मला फार आवडते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला इथे ह्यूस्टनमध्ये एका प्रचंड गोदामाच्या आत व्हर्जिल किंग आणि त्यांचे सोबती रात्री शंभर यार्डांवर नेम मारायचे. बंद जागा, वारा शून्य. बेंचरेस्टवाल्यांचं, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून नेम मारणाऱ्यांचं, अर्धं आयुष्य वाऱ्याला शिव्या देण्यात जातं, इथे वाराच नाही, म्हणजे चूक असेल तर ती रायफलची किंवा काडतुसाची. तिथले सगळ्यात चांगले ग्रुप 0.025 इंचाचे नोंदवलेत, मध्यापासून मध्यापर्यंत, म्हणजे साधारण पाऊण मिलिमीटरच्याही आत. कागदावर बघाल तर एकच भोक. आणि मला यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं, तर ते पावडर एकेक दाणा तोलत बसत नव्हते, मापाने टाकत होते, आकारमानावर. त्यांचा भर चांगली नळी, केसची मान (बुलेट धरणारा भाग) आणि बुलेट किती खोल बसवायची यावर होता. आपण मात्र डिजिटल काट्यावर दशांश ग्रेनसाठी (ग्रेन हे पावडर-बुलेटच्या वजनाचं माप) रात्र घालवतो.

ग्रेनवरून आठवलं, हे ऐकाच. आपल्या सोनाराचा तोळा 1833 मध्ये इंग्रजांनी बरोबर 180 ग्रेनचा ठरवला. तोळ्याचे बारा मासे, म्हणजे मासा पंधरा ग्रेनचा आणि गुंज दोन ग्रेनच्या जरा आत. तुमची 55 ग्रेनची बुलेट म्हणजे पावणेचार माशांच्या किंचित खाली. पावडरच्या काट्यावर आपण जो एक दशांश ग्रेन मोजतो तो गुंजेचा एकोणिसावा भाग आहे. पेठेतला सोनार तेवढ्यासाठी मान वर करणार नाही.

बरं, कोल्हापूरचा विषय पण राहायला नको. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून नेम मारायच्या प्रकारात, वर्ल्ड चॅम्पियन झाली, स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून) ब्राँझ आणलं. दोन्ही रिमफायरच्या इव्हेंट, म्हणजे भरणं वगैरे काही नाही. मग त्या लेव्हलचे नेमबाज काय करतात, तर एकाच कंपनीच्या एकाच ब्रँडचे वेगवेगळे लॉट (एका वेळी बनवलेला माल) घेऊन, नळी शिकंज्यात आवळून, प्रत्येक लॉटच्या भरपूर गोळ्या मारून बघतात आणि जो त्या नळीला आवडेल त्याचा साठा करतात. तीन गोळ्यांवर कोणी ऑलिंपिकला जात नाही हो.

मागून हात दाखवतायत, दहाच मिनिटं राहिली. तर मूळ विषय, भरभर सांगतो.

पहिलं, एकाच कंपनीच्या, एकाच लॉटच्या केस घ्या. टू-टू-थ्रीची केस 1.760 इंचाच्या वर गेली की कापायची, 1.750 वर आणायची, नाहीतर मान चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, टोकाला अडकते आणि प्रेशर चढतं. केसचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, जेमतेम दोन-तीन हजारांश इंच मागे ढकला, जास्त नाही, केस लवकर फाटते. मान दोन-चारदा भरून कडक होते, तेव्हा अ‍ॅनीलिंग, म्हणजे तापवून मऊ करणं, फक्त मानेला, बुडाला आच लागता कामा नये.

दुसरं, बुलेट नळीच्या ट्विस्टप्रमाणे निवडा, म्हणजे नळीतला पीळ किती इंचांत एक वळसा घेतो त्याप्रमाणे. एकास बाराला 55 ग्रेन चालते, 77 ग्रेनला एकास आठ तरी लागतो, नाहीतर कागदावर भोक आडवं दिसेल. मॅगझिनमधून चालवायचं तर लांबी 2.260 इंचाच्या आत. बुलेट अर्ध्या ग्रुपची धनी असते, स्वस्तातली घेऊन पावडर बदलत बसू नका.

तिसरं, पावडर. मॅन्युअलमधल्या खालच्या आकड्यापासून सुरुवात, कोणाच्या तोंडी आकड्यावर नाही, माझ्या पण नाही. टेबलावर एका वेळी एकच डबा. वर जाताना प्रायमर चपटा दिसला, बोल्ट जड उघडला की थांबा, ग्रुप कितीही गोड असू दे. दहा लोड नकोत, दोन-तीनच घ्या पण प्रत्येकाच्या वीस गोळ्या मारा, दोन-तीन दिवसांत वाटून, आलटून पालटून, म्हणजे नळी तापल्याचा आणि वाऱ्याचा फरक सगळ्यांना सारखा लागेल.

चौथं, मोजताना नुसती टोकाची दोन भोकं धरू नका, त्यात बाकीच्या अठरा गोळ्या वाया जातात. मध्य काढा आणि प्रत्येक भोकाचं मध्यापासून अंतर घेऊन सरासरी काढा, मीन रेडियस, फोनवर अ‍ॅप आहेत. क्रोनोग्राफचे, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे शंभर यार्डांवर विसरा, वेगातला सेकंदाला तीस फुटांचा फरक तिथे दिसत पण नाही, तीनशेच्या पुढे दिसायला लागतो. वीस गोळ्यांत दोन लोड सारखे आले तर ते सारखेच आहेत, जो सौम्य आहे आणि ज्याची पावडर दुकानात मिळते तो घ्या.

आणि कोयोटीसाठी दोनशे यार्डांत वीस गोळ्यांचा दीड इंच मिळाला की बंद करा, उरलेल्या काडतुसांनी टेबल सोडून उभं राहून, गुडघ्यावर बसून नेम मारा. शेवटी जनावर काही बेंचसमोर उभं राहत नाही. प्रश्न असतील तर बाहेर चहाजवळ, हॉलवाले दिवे बंद करतायत.