पाऊण तास

श्रोतेहो, नमस्कार. शाळा तपासणी म्हटलं की आदल्या रात्री गुरुजी-बाईंचा डोळ्याला डोळा लागत नाही. हजेरीपट, टाचणवही, पोषण आहाराची नोंदवही, शिवाय मोबाईलवर भरायची माहिती. सगळं तपासतात. शिकवणाऱ्याचं कसं चाललंय, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी काटोल तालुक्यात दोनशिक्षकी शाळेवर होते. मार्चमधली सकाळची शाळा. सोबतचे सर मतदारयादीच्या कामावर, चारही वर्ग माझ्याकडे. मी खिचडीचे तांदूळ मोजत होते, तेवढ्यात विस्तार अधिकारी दारात. हात कोंड्यानं पांढरे, वह्या अर्धवट. वाटलं, आज शेरा बसणारच. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही नोंदी पूर्ण करा. चौथीचा भागाकार मी घेतो."

आणि खरंच घेतला! चिंचोके मागवले, पोरांकडून वाटे करवून घेतले. पाऊण तासानं आत आले. "झालं?" म्हटलं, "नाही सर, दोन वह्या राहिल्या." त्यांनी शेरेबुक ओढलं आणि लिहिलं, "पाऊण तासात नोंदी अपूर्ण. हा वेळ मुलांचा आहे." पाऊण तास, श्रोतेहो! तो शेरा पंचायत समितीत गेला आणि पुढच्या महिन्यात दोन वह्यांची एक झाली. दोनाची एक, एवढंच. पण तीस वर्षांच्या नोकरीत माझा वेळ मोजणारे तेवढे एकच साहेब भेटले.

जेवले ते मुलांच्या पंगतीत. तपासणीला आलेल्यानं तिथंच जेवावं, या मताची मी आहे. साहेबांसाठी तर्री-पोहे आणायची पद्धत बंद व्हायला हवी. खिचडीत डाळ किती पडते, ते जिभेला लगेच कळतं.

आता कायद्याचं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ सांगतं, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला जुंपायचं नाही. त्याच कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरलेत, तेही पूर्वतयारीसकट. पूर्वतयारीसकट, बरं का. तिकडे इंग्लंडमध्ये एका मुख्याध्यापिकेच्या मृत्यूला तपासणीही कारणीभूत ठरली, असं २०२३ मध्ये चौकशीत नोंदलं गेलं. सप्टेंबर २०२४ पासून तिथं सरकारी शाळांना एका शब्दात श्रेणी देणं थांबलं.

आपल्याकडे तपासणीच्या नमुन्यात एक रकाना वाढवा: आज वर्गाबाहेरच्या कामात किती वेळ गेला? आणि पालकहो, तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, तर पुढच्या बैठकीत शेरेबुक मागा. बाईंच्या वेळाबद्दल त्यात एक तरी ओळ आहे का, बघा.